दाट वस्तीतील खोल तळघर

जमिनीखाली दोन किंवा अधिक मजले उतरणारे आणि इतरांच्या इमारती, रस्ते, गटारे व जलवाहिन्या यांना अगदी लागून खणावे लागणारे बांधकाम. वाहनतळ, भुयारी रेल्वेची स्थानके, रुग्णालये आणि व्यापारी संकुले यांसाठी अशी तळघरे बांधतात. माळरानावर खड्ड्याच्या बाजू उतरत्या ठेवता येतात. शहरात भूखंडाच्या हद्दीवर उभाच काप घ्यावा लागतो. पायाच्या नेहमीच्या गणितात इमारतीचे वजन जमीन पेलेल की नाही ते पाहतात. येथे त्याआधी शेजारची जमीन किती सरकेल ते पाहावे लागते.

माती काढू लागताच बाजूची माती आत येऊ पाहते आणि वरचे ओझे गेल्यामुळे तळाची माती फुगते. जितकी माती आत सरकते, तितकी बाहेरची जमीन खचते. मऊ चिकणमातीत तळ इतका उचलला जाऊ शकतो की भिंत शाबूत असूनही खड्डा खालून निकामी होतो. या विषयाची शास्त्रीय बैठक कार्ल टर्झागी यांच्या १९२५ मधील जर्मन ग्रंथाने घातली. त्यांचे सहकारी राल्फ पेक यांनी शिकागोच्या भुयारी रेल्वेच्या खोदाईत आधाराच्या तुळयांवर येणारा भार प्रत्यक्ष मोजला. पुढे १९६९ मध्ये त्यांनी ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र करून एक ठोकताळा मांडला : बऱ्या मातीत कडेची जमीन खड्ड्याच्या खोलीच्या १ टक्क्याच्या आत खचते, फार मऊ मातीत २ टक्क्यांहून अधिक, आणि परिणाम खोलीच्या दोन ते चार पट अंतरापर्यंत जाणवतो. १५ मीटर खड्ड्याचा १ टक्का म्हणजे १५ सेंटिमीटर. विटांच्या जुन्या घराला हे झेपणारे नाही. आजच्या ताठ भिंतींमुळे खचण्याचे आकडे बरेच खाली आले आहेत. तरी कोणकोणत्या घरांची पाहणी करायची, हे ठरवायला अंतराचा हा अंदाज अजून उपयोगी पडतो.

कडा धरून ठेवण्यासाठी शीट पाइल, एकमेकांत गुंतवलेले सीकंट पाइल किंवा डायफ्राम भिंत वापरतात. डायफ्राम भिंतीचे तंत्र १९५० च्या सुमारास इटलीत आकाराला आले. साधारण ६० ते १२० सेंटिमीटर रुंदीचा चर बेंटोनाइट या चिकणमातीच्या रबडीने भरलेला ठेवून खणतात. रबडीच्या दाबाने त्याच्या बाजू ढासळत नाहीत. मग सळ्यांचा पिंजरा उतरवून तळापासून काँक्रीट भरत आणतात, तशी रबडी वर येते. असे एकेक पॅनल करत भिंत पुरी होते. १९६४ मध्ये सुरू झालेल्या मिलानच्या पहिल्या मेट्रो मार्गावर आधी भिंती आणि छत बांधले, वर रस्ता पूर्ववत केला आणि खोदाई त्याखाली केली. गर्दीच्या रस्त्यावर वरून खाली बांधत जाण्याची ही पद्धत आजही सोयीची ठरते. एरवी खोदाई उतरेल तसे भिंतीला आतून स्ट्रट म्हणजे आधाराच्या तुळया देतात किंवा मागच्या जमिनीत अँकर ओवतात. अँकर शेजाऱ्याच्या हद्दीखाली जातो, त्यामुळे त्याची परवानगी लागते. ती न मिळाल्याने आराखडा बदलावा लागणे यात नवल नाही.

भिंत जमिनीत दडलेली असल्याने तिच्यातले वैगुण्य खोदाई खाली जाईपर्यंत दिसत नाही. जर्मनीत कलोन येथे ३ मार्च २००९ रोजी शहराचे ऐतिहासिक अभिलेखागार शेजारच्या भुयारी रेल्वेच्या खड्ड्यामुळे कोसळले. लगतच्या घरांतील दोघे दगावले आणि शतकांचे दस्तऐवज ढिगाऱ्यात गेले. भिंतीच्या एका पॅनलमध्ये खडक आडवा आल्याने तेवढ्या जागी काँक्रीटऐवजी मातीच राहिली होती. खड्डा त्या पातळीखाली उतरल्यावर तेथून पाणी आणि वाळू आत घुसली. सिंगापूरला २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेलगतचा सुमारे ३० मीटर खोल खड्डा कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. तेथे संगणकीय गणितात सागरी चिकणमातीची ताकद वास्तवापेक्षा जास्त धरली गेली होती आणि स्ट्रट जेथे आडव्या तुळईला टेकतात ते जोड अपुरे होते. चौकशी समितीच्या अहवालानंतर तेथील नियम कडक झाले. भूतंत्रज्ञांच्या वर्गात हे प्रकरण अजून शिकवले जाते ते योग्यच आहे, कारण त्यातला दोष एका मोठ्या चुकीचा नव्हता. मोजमापे मर्यादा ओलांडत होती तेव्हा मर्यादाच सैल केल्या गेल्या.

पाण्याचा प्रश्न दुहेरी आहे. भूजलपातळी २ मीटरवर आणि तळघर १५ मीटर खोल असेल, तर तळाच्या स्लॅबवर १३ मीटर पाण्याचा दाब खालून येतो, म्हणजे दर चौरस मीटरला १३ टन. एका मजल्याचे वजन ढोबळमानाने १ ते १.५ टन धरले तर साधारण दहा मजले चढेपर्यंत इमारत तरंगू पाहते, म्हणून तोवर पंप बंद करता येत नाहीत. मनोऱ्याखालच्या भागाचा प्रश्न असा मिटतो. पण तळघर बागेखाली किंवा मोकळ्या पोडियमखाली पसरले असेल, तर वर वजनच नसते. तेथे ताण घेणारे पाइल किंवा खडकात रोवलेले अँकर द्यावे लागतात. दुसरी बाजू उपशाची. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पाणी उपसले की आसपासची पातळी उतरते. दर मीटर उताराला मातीच्या कणांवर चौरस मीटरमागे सुमारे एक टन जादा भार येतो आणि मऊ चिकणमाती दबू लागते. अशा वेळी भिंत तसूभर न हलताही दूरचे घर खचते. म्हणून भिंत पाणी न झिरपणाऱ्या थरापर्यंत नेतात किंवा बाहेर विहिरींतून पाणी परत जिरवतात.

जमिनीवर नवे ओझे फारसे येऊ नये म्हणून काढलेल्या मातीचे वजन इमारतीच्या वजनाच्या जवळपास ठेवण्याची युक्तीही आहे. मेक्सिको शहरातील तळ्याच्या मऊ गाळावर १९५६ मध्ये पुरा झालेला तोरे लातिनोआमेरिकाना हा मनोरा लिओनार्दो झीवार्ट यांनी खोल तळघर आणि पाइल यांच्या जोडीवर उभा केला. १९५७ आणि १९८५ चे भूकंप त्याने सोसले.

मुंबईत अडचण मऊ मातीची असतेच, पण खडकाचीही असते. बेटे जोडून आणि समुद्र हटवून झालेल्या या शहरात वर भराव, त्याखाली करडी-काळी सागरी चिकणमाती, मग मुरूम, झिजलेला खडक आणि शेवटी दख्खन ट्रॅपचा बेसाल्ट असा क्रम बऱ्याच ठिकाणी सापडतो. मात्र बेसाल्टच्या जोडीला ब्रेशिया, टफ आणि शेलचे थरही येतात. टफ आणि शेल बोअरच्या नळीतून घट्ट निघाले, तरी उघडे पडून पाणी लागले की भुसभुशीत होऊ शकतात. त्यामुळे तळ साफ होताच पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, टाकण्याची घाई करावी लागते. खडक किती खोल आहे, हे एकाच भूखंडावर काही मीटरनी बदलते. चार कोपऱ्यांवर चार बोअर घेऊन मधल्या भागाचा अंदाज बांधणे म्हणूनच महागात पडते. भिंत किंवा शोअर पाइल खडकात थोडे रुतवून थांबवतात आणि खालचा खडक सरळ कापतात. माती आणि खडक यांचा हा सांधाच गळतीची नेहमीची जागा असतो, तेथे ग्राउट भरावा लागतो. दाट वस्तीत सुरुंग लावणे अवघड असल्याने दिवसच्या दिवस ब्रेकर चालतो आणि कंपनांच्या तक्रारी येतात.

आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुली झाली. तिची गिरगाव, काळबादेवी, फोर्ट भागातील स्थानके अशाच जमिनीत, जुन्या दगडी आणि लाकडी सांगाड्याच्या इमारतींना खेटून खणली गेली. याच परिसरात उपकरप्राप्त चाळींच्या जागी मनोरे येत आहेत आणि त्यांच्या वाहनतळांसाठी तळघरे उतरत आहेत. चाळींचे पाये उथळ, भिंती भारवाही. अशा घरांसाठी जॉन बर्लंड आणि सहकाऱ्यांची तड्यांची वर्गवारी वापरतात : १ मिलिमीटरपर्यंतचे तडे किरकोळ, ५ मिलिमीटरपर्यंतचे दुरुस्तीजोगे, त्यापुढे दारे-खिडक्या अडकू लागतात. काम सुरू होण्याआधी प्रत्येक खोलीतील जुन्या तड्यांची छायाचित्रे घेऊन त्यांवर मापकपट्ट्या लावतात. खड्ड्याच्या भिंतीत तिचे झुकणे मोजणारे इन्क्लिनोमीटर, जमिनीत पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर बसवतात.

कायद्याची बाजू फारशी परिचित नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मध्ये शेजारच्या जमिनीचा आधार हा प्रत्येक जमीनमालकाचा नैसर्गिक हक्क मानला आहे, पण तो नैसर्गिक स्थितीतील, म्हणजे न खणलेल्या आणि वर कृत्रिम ओझे नसलेल्या जमिनीपुरता. इमारतीला असा आधार मिळण्याचा हक्क कलम १५ नुसार वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने लागू होतो. जुन्या चाळीला ही अट सहसा अडत नाही. तडा खोदाईआधीचा की नंतरचा, हे सिद्ध करणे मात्र अडते, आणि तेथे दोन्ही बाजूंना ती छायाचित्रेच कामी येतात.