कोळी : कीर्ति आणि अपकीर्ति

घरांत कोळी दिसतांच केरसुणी उचलावी, ही घरोघरची रीत. पण या भीतीला इतिहासाचा आधार कितपत आहे?

इटलींतील तारान्तो शहराच्या परिसरांत कित्येक शतकें अशी समजूत होती कीं, ‘तारान्तुला’ कोळी चावला म्हणजे माणूस वेडापिसा होतो आणि वाद्यांच्या तालावर नाचल्यावांचून बरा होत नाहीं. १६९५ सालीं बाग्लिव्ही नामक वैद्यानें त्यावर प्रबंधच लिहिला. परंतु हा थोराड, केसाळ कोळी फारसा अपायकारक नाहीं. खरें जालीम विष शेतांतील तांबड्या ठिपक्यांच्या लहानग्या काळ्या कोळ्याचें! दोष मात्र आला निरपराध्यावर. १९५९ मध्यें दे मार्तिनो यांनीं तेथें पाहणी केली, तेव्हां बहुतेकांच्या विकाराचें मूळ दंशांत नसून दुःखांत व रूढींत आढळलें.

अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत २००१ सालीं एका राहत्या घरांत सहा महिन्यांत २,०५५ विषारी तपकिरी कोळी सांपडले. तरी त्या कुटुंबांत तोंवर कोणालाही दंश झाल्याचें दिसलें नाहीं.

विष बहुतेक कोळ्यांजवळ असतें, पण तें माशा-डांसांकरितां. माणसाला घातक जाती थोड्या. त्यांना ओळखून जपावें. इतरांवर केरसुणी उगारण्यापूर्वीं श्रोत्यांनीं क्षणभर विचार करावा, इतकेंच.