ऐकणारी यमुना



बाबा पदमनजी मूळचे आपल्या बेळगावचे. जन्म १८३१ चा, बाप्तिस्मा १८५४ चा. १८५७ साली त्यांची ‘यमुनापर्यटन’ निघाली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला होता.

यमुना आणि विनायक हे जोडपे प्रवासाला निघते. ठिकठिकाणी विधवा भेटतात आणि आपली कहाणी सांगतात. मधली लांबलचक उपदेशाची पाने मलाही जड जातात (धर्मशिक्षकाने हे कबूल करावे का, कोण जाणे!). पण यमुना ऐकते. केशवपन, उपासतापास, घरच्यांची बोलणी, सगळे ऐकून घेते. नायिकेने एवढे ऐकत राहावे हे मला फार मोठे वाटते. मग विनायक मरण पावतो आणि तीच विधवा होते. आतापर्यंत जे इतरांचे होते ते तिच्या दाराशी येते. पुढे ती पुन्हा लग्न करते.

आपल्याकडे हे पुस्तक बहुधा धर्मांतराची कथा म्हणून सांगतात. मीही वर्गात तसेच सांगत असे. पण तसे सांगताना त्या वाटेवरच्या बायका गळून जातात. नाईनच्या वेशीवर विधवेने काही मागितले नव्हते, तरी प्रभूला तिचा कळवळा आला. येत्या रविवारी मुलांना यमुनेची गोष्ट सांगणार आहे, ती त्या बायकांपासून सुरू करून.