बेत, कागद आणि काठ : इंग्लंडमधील तुकडेजोडीच्या अचूकपणाविषयी

कापड मापून कापण्याच्या क्रियेला मराठीत 'बेतणे' म्हणतात आणि योजनेला 'बेत' म्हणतात. या दोन शब्दांतील जवळीक अर्थपूर्ण आहे. कात्री चालविण्यापूर्वी वस्तूचे अखेरचे रूप मनात निश्चित असावे लागते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. कापडाचे लहान भौमितिक तुकडे जोडून रजईचा दर्शनी भाग तयार करण्याच्या कलेत या बेताची खरी कसोटी काठावर लागते. मधल्या भागातील लहानसहान चूक नजरेआड होऊ शकते. परंतु काठाच्या चारही पट्ट्या कोपऱ्यात येऊन मिळाल्या पाहिजेत, आणि पट्टीची लांबी तुकड्याच्या मापाच्या पूर्ण पटीत भरली पाहिजे. तेथे चूक लपत नाही.

ही चूक कशी वाढत जाते, हे साध्या हिशेबाने समजते. दोन इंच रुंदीचे ४८ तुकडे जोडून ९६ इंचांचा काठ करावयाचा आहे, असे समजा. प्रत्येक शिवण ठरल्यापेक्षा केवळ १/३२ इंच आत गेली, तर तुकड्याची दोन्ही अंगे मिळून १/१६ इंच रुंदी घटते आणि संपूर्ण काठ तीन इंचांनी तोकडा पडतो. याशिवाय कापडाचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. उभ्या व आडव्या धाग्याच्या दिशेने कापलेली कड स्थिर राहते. उरेब कड हाताळता हाताळता ताणली जाते. त्रिकोण, षट्कोन वा अष्टकोन यांच्या काही बाजू उरेब येणे अटळ असते. म्हणजे केवळ काळजीपूर्वक कापणे पुरेसे नाही. कापल्यानंतरही माप टिकविणारे काही साधन हवे.

इंग्लंडमध्ये हे साधन कागदाच्या रूपाने सापडले. हव्या त्या आकाराचे कागद प्रथम अचूक कापावयाचे. कापडाचा तुकडा त्याहून थोडा मोठा घेऊन, कडेची माया कागदावर दुमडून, कच्च्या टाक्यांनी पक्की करावयाची. नंतर असे दोन तुकडे समोरासमोर ठेवून त्यांच्या दुमडलेल्या कडा बारीक टाक्यांनी जोडावयाच्या. या पद्धतीत माया थोडी कमीजास्त झाली तरी बिघडत नाही, कारण तयार तुकड्याचे माप कागद ठरवितो. कोनांचा मेळही कागदावरच आधी साधून घेता येतो : तीन षट्कोनांचे प्रत्येकी १२० अंशांचे कोन मिळून ३६० अंश भरतात, दोन अष्टकोनांचे १३५ अंशांचे कोन एकत्र आले, तर उरलेली जागा चौरसाचा काटकोन अचूक भरून काढतो. अचूकपणाचा भार अशा रीतीने ताणल्या जाणाऱ्या कापडावरून न ताणल्या जाणाऱ्या कागदावर गेला.

या कलेच्या इंग्लंडमधील आरंभीच्या अवशेषांत हिंदुस्थानचा संबंध थेट दिसतो. वेस्टमोरलंडमधील (आजच्या कंब्रिया परगण्यातील) लेव्हन्स हॉल या वाड्यात हिंदी छापील कापडाच्या तुकड्यांची रजई व पलंगाचे पडदे आहेत. परंपरेने त्यांचा काळ १७०८ च्या सुमाराचा मानला जातो, आणि त्यांचे कर्तृत्व वाड्याचे मालक कर्नल जेम्स ग्रॅहम यांच्या घरातील स्त्रियांकडे दिले जाते. त्यांतील 'चिंट्झ' या कापडाचे नाव हिंदीतील 'छींट' शब्दावरून इंग्रजीत गेले. मराठीत त्यालाच 'चीट' म्हणतात. इंग्रजीतील रूप मुळात अनेकवचनी असून पुढे ते एकवचनी मानले गेले. 'कॅलिको' हे नावही कालिकत बंदरावरून आले आहे.

हे कापड तुकड्यातुकड्याने वापरले जाण्यास कायद्याची पार्श्वभूमीही होती. इंग्लंडमधील लोकर व रेशीम विणणाऱ्यांच्या दबावामुळे १७०० साली पार्लमेंटने कायदा करून हिंदुस्थान, चीन व इराण येथून येणाऱ्या छापील सुती कापडाच्या वापरास १७०१ पासून बंदी केली. १७२१ च्या कायद्याने ती अधिक कडक केली आणि १७७४ साली ती उठविली. मागणी ओसरली नव्हती. पुरवठा मात्र आटला. अशा स्थितीत जवळ उरलेल्या चिटाचा लहानसा तुकडाही जपण्याजोगा ठरावा, हे स्वाभाविक होते. बंदीमुळेच ही कला निर्माण झाली असे मात्र म्हणता येत नाही. १७१८ सालाची एक चादर आज ब्रिटनमधील रजईकारांच्या संघाच्या संग्रहात आहे. ती रेशमी तुकड्यांची आहे; तिच्यावर सन व दोन आद्याक्षरे जोडलेली असून आतील कागद अद्याप जागेवर आहेत. त्या काळी कागदपद्धती पूर्ण विकसित झाली होती, हे तिच्यावरून सिद्ध होते. पुढे १८३५ साली अमेरिकेतील 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाने षट्कोनी तुकडेजोडीचा नमुना छापला, आणि घरोघरी चालत आलेली ही रीत छापील शिकवणीचाही विषय झाली.

इतिहासाच्या अभ्यासकास या कागदांचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. कोरा कागद महाग असल्यामुळे जुनी पत्रे, हिशेबाची पाने, मुलांचे कित्ते, छापील पत्रके यांचाच उपयोग होई. मापासाठी कापलेले हे कपटे अशा रीतीने लहानसे दप्तरच बनले. परंतु त्यांची साक्ष जपून घेतली पाहिजे. कागदावरील सन हा रजईचा सन नव्हे. रजई त्यापूर्वीची नाही, एवढेच त्यावरून ठरते, कारण जुना कागद कितीही वर्षांनी कात्रीखाली येऊ शकतो. दुसरे असे की, काम पुरे झाल्यावर कागद बहुधा काढून टाकीत. म्हणून हे दप्तर मुख्यतः अपुऱ्या राहिलेल्या कामांत टिकले आहे. ज्या स्त्रीचे काम सफाईने तडीस गेले, तिचे साधन नाहीसे झाले. जिचे अर्धवट राहिले, तिचेच कागद आज वाचता येतात.

कागदाचे माप हेच अचूकपणाचे एकमेव रूप समजणे मात्र चुकीचे होईल. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया, ज्यांच्या बोलण्यात कोकणी व मराठीचा वाटा मोठा आहे, 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. तिचे काम काठापासून सुरू होते आणि फेऱ्याफेऱ्यांनी आत सरकते. तुकडे दुमडून धावदोऱ्याने बसविले जातात. कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची 'फुले' लावतात. येथे काठ आधीच ठरलेला असल्यामुळे तो अपुरा पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मापातील सारा फरक मध्यभागी जिरतो. इंग्लिश पद्धत चूक होऊच नये अशी तजवीज करते. कवंदीची पद्धत झालेली चूक सामावून घेते. दोन्हींत बेत आहे, फक्त तो वेगळ्या ठिकाणी ठेवलेला आहे.

१९७९ साली जपानमधील ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याची सुरी बाजारात आणली. तिच्यामुळे पारदर्शक पट्टीच्या आधारे अनेक थर एकदम कापणे सोपे झाले, आणि यंत्राने शिवणाऱ्यांचे काम वेगाने व बिनचूक होऊ लागले. कागदावर शिवणारे आजही आहेत. पण त्यांतील अनेक जण तयार कापलेले कोरे कागद वापरतात. अचूकपणा त्यामुळे कमी झालेला नाही. मात्र या रजयांच्या पोटात पुढील काळाच्या अभ्यासकास वाचण्याजोगे अक्षर बहुधा सापडणार नाही. म्हणूनच जुन्या अपुऱ्या कामांतील कागद दुरुस्तीच्या नावाखाली काढून टाकण्यापूर्वी ते वाचून नोंदविणे अगत्याचे आहे. एकदा ते निघाले की बेत कोणी व कशाच्या आधारे केला, हे सांगणारा दुसरा पुरावा अनेकदा उरत नाही.