जैतून, अंगूर, प्लम आणि आमचं जांभूळ

"सर, जांभूळ म्हणजे प्लम का?" सहावीतल्या एका मुलीने विचारलं. कुठेतरी 'जावा प्लम' वाचून आली होती. "प्लम म्हणजे तर आलुबुखारा. मग अम्मी बिर्याणीत जांभळं का नाही टाकत?" वर्ग हसला, मीही हसलो. पण उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला असा प्रश्न रात्रभर पुरतो.

खरं तर दोघांचं नातं काहीच नाही. आलुबुखारा थंड मुलखातला, गुलाबाच्या कुळातला. फारसीत 'आलू' म्हणजे हे फळ. बुखाऱ्याचं ते आलुबुखारा आणि पिवळं ते जर्दालू, म्हणजे आपला जर्दाळू. जांभूळ लवंग आणि पेरूच्या कुळातलं, इथलंच. अशोकाच्या शिलालेखात या देशाला 'जंबुदीप' म्हटलंय. ज्या फळाच्या झाडावरून मुलखाला नाव मिळालं, त्याला दुसऱ्या फळाचं नाव का लागावं?

कारण जो जो बाहेरून आला, त्याने जांभळात आपलं गाव शोधलं. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा इब्न बतूता दिल्लीत मुहम्मद तुघलकाचा काझी होता. त्याने जामुनचं वर्णन केलं ते जैतूनसारखं काळं, आत एकच बी असलेलं फळ म्हणून. दोनशे वर्षांनी बाबर आला. त्याला ते काळ्या द्राक्षासारखं दिसलं. झाड देखणं वाटलं, फळ मात्र आंबट आणि बेताचंच. (बिचाऱ्याच्या जिभेवर मायदेशाची खरबुजं होती. हिंदुस्थानच्या कुठल्या फळाने त्याचं समाधान होणार?) पुढे इंग्रजांना त्यात प्लम दिसला.

पोर्तुगीजांनी निदान नाव तरी इथलंच ठेवलं. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात फणसाच्या जोडीला 'जांबोलाँव' आहे. हा आपल्याच किनाऱ्यावरचा शब्द. तिथून इंग्रजीत 'जांबोलन' झाला आणि वनस्पतिशास्त्राच्या जुन्या नावातही 'जांबोलाना' म्हणून बसला.

मान मात्र आंब्याला मिळाला. कलमं झाली, हापूस आणि पायरी अशी नावं पडली. जांभळाचं नाव लग्नाच्या दस्तरखानावर गेलं ते गुलाबजाममधून. खुद्द जांभूळ हकिमाच्या सिरक्यात राहिलं, नाहीतर रस्त्याच्या कडेला.

त्या कडेचीच गोष्ट सांगायची आहे. पनवेल-रोहा गाडीने जाताना आपट्यानंतर जिते येतं. जूनच्या सुरुवातीला एकदा तिथे उतरलो, तर एक कातकरी मावशी पानांवर वाटे लावून बसली होती. दोन टोपल्या वेगळ्या. मी विचारलं, "मावशी, एकच तर फळ, मग दोन कशाला?" ती म्हणाली, "एक वहालावरचा, एक रस्त्यावरचा. खाऊन बघ." वहाळावरचं लहान, बी मोठी, तुरट, जीभ दिवसभर जांभळी. रस्त्यावरचं लांबट, गराचं, गोड. बियांपासून वाढलेल्या झाडांचं असंच असतं, प्रत्येकाची चव निराळी. तिला त्यांच्या जाती ठाऊक नव्हत्या, झाडं ठाऊक होती. अशा झाडांची नोंद कुठल्या दप्तरात असणार?

पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण बहाडोली' ही जातही आहे. चांगलंच झालं. मधुमेहाच्या नावाखाली का होईना, जांभळाला भाव आला. पण त्यासाठी आधी कुणीतरी ती झाडं ओळखून जपायला हवी होती, आणि बहाडोलीत ती जपली गेली. आमच्या बाजूला २०११ साली मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं रुंदीकरण सुरू झालं, आणि कडेची जुनी झाडं कापली गेली. रस्ता हवा होता, मीही त्यावरूनच जातो. पण कुठल्या झाडाचं फळ कसं होतं, हे कापण्याआधी कुणी त्या मावशीला विचारलं नाही.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिच्यापुढे एकच टोपली होती, वहाळावरची. दुसरीचं विचारलं. तिने फक्त रस्त्याकडे हात केला.

एक वाटा घेतला, वर्गात वाटला. मुलांनी जिभा काढून एकमेकांना दाखवल्या. बिया मी गोळा करून शाळेच्या कुंपणाशी लावल्या आहेत. फळ यायला आठ-दहा वर्षं लागतात, म्हणजे ही सहावी तोवर कॉलेजात असेल.