मळणी यंत्राचा इतिहास

कणसे, लोंब्या किंवा शेंगा यांतून दाणे अलग करण्याच्या क्रियेस मळणी म्हणतात. महाराष्ट्रात ही क्रिया परंपरेने खळ्यावर होत असे. सारवलेल्या खळ्याच्या मध्यभागी तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरवीत व मळलेला माल वाऱ्यावर उफणीत. हे काम अनेक दिवस चाले. त्या काळात अवकाळी पाऊस, उंदीर व पाखरे यांमुळे हाती आलेल्या धान्याची नासाडी होई.

युरोपात मजूर चामड्याच्या वादीने जोडलेल्या दोन दांड्यांनी कणसे झोडपीत. अँड्रू मीकल (१७१९–१८११) या स्कॉटिश यंत्रकाराने १७८६ च्या सुमारास फिरत्या पिंपाचे मळणी यंत्र तयार केले. पिंपावरील पट्ट्यांच्या आघाताने दाणे सुटतात, हे त्याचे मूलतत्त्व आजही कायम आहे. पुढे त्याला चाळण्या व पंखा यांची जोड मिळाली. पिंपाची गती जास्त झाल्यास दाणे फुटतात, कमी झाल्यास ते कणसातच राहतात. म्हणून पिकानुसार व त्यातील ओलाव्यानुसार गती ठरवावी लागते.

यंत्राने धान्य वाचले, तरी इंग्‍लंडमधील मजुरांचे हिवाळ्यातील मुख्य काम गेले. १८३० मध्ये केंट परगण्यात त्यांनी मळणी यंत्रे फोडण्यास सुरुवात केली आणि हा उठाव दक्षिण व पूर्व इंग्‍लंडमध्ये पसरला. ‘कॅप्टन स्विंग’ या कल्पित नावाने जमीनदारांना धमकीची पत्रे गेली. सरकारने उठाव मोडून काढला. १९ जणांना फाशी झाली व शेकडो मजूर ऑस्ट्रेलियात हद्दपार झाले. अमेरिकेत मात्र जमीन विस्तीर्ण व मजूर थोडे होते. तेथे हायरम मूर यांनी १८३० नंतरच्या दशकात कापणी व मळणी एकत्र करणारे यंत्र बनविले.

भारतात १९६५ नंतर गव्हाच्या अधिक उत्पन्न देणाऱ्या जाती आल्या. वाढलेले पीक पावसापूर्वी मळून घेण्यासाठी प्रथम पंजाब-हरियाणात व नंतर इतरत्र शक्तिचलित मळणी यंत्रे वेगाने पसरली. तथापि आखूड व उघड्या तोंडाच्या यंत्रांत पेंढ्या सारताना अनेकांचे हात तुटले. त्यामुळे संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम संमत केला व जखमींच्या भरपाईची तरतूद केली. लांब व झाकलेले भरण तोंड हा अशा अपघातांवरील साधा उपाय होय. धान्याची हानी टाळणारे यंत्र चालविणाऱ्यालाही सुरक्षित असावे, हा धडा या इतिहासातून मिळतो.