माडाचा रस आणि कमलाबाईंची प्रयोगशाळा

रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरच्या वाड्यांत उंचावर माड आणि त्यांच्या सावलीत सुपारी, अशी लागवड पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. गाव फार जुने. इथे सापडलेला मराठी ताम्रपट शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा आहे. पुढे हा भाग जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होता आणि 1948 मध्ये भारतात विलीन झाला. राजवटी बदलल्या तरी वाडीचे उत्पन्न नारळ-सुपारीचेच राहिले. पाहुण्यांच्या पानात पडणाऱ्या उकडीच्या मोदकांतले खोबरेही याच वाड्यांतले.

माडाचे आणखी एक उत्पन्न मात्र आता सहसा आठवले जात नाही. न उमललेली पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, बांधायची, हलक्या हाताने ठोकायची आणि तिच्या टोकाचा पातळ काप काढायचा. त्यातून जो गोड रस थेंब थेंब मडक्यात उतरतो, ती नीरा. कोकण किनाऱ्यावर हे काम भंडारी समाजाच्या हातात होते. रोज माडावर चढायचे, रोज नवा काप घ्यायचा आणि ऊन चढण्याआधी मडके खाली आणायचे. उशीर झाला की हवेतले आणि मडक्यातले यीस्ट रसातली साखर खाऊ लागते, नीरा आंबते आणि तिची माडी होते. मडक्याला आतून चुना लावला की आंबण्याची क्रिया रोखली जाते. सूक्ष्मजीवशास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधी ही युक्ती रस काढणाऱ्यांना ठाऊक होती.

सरकारने माडाकडे पाहिले ते महसुलाच्या नजरेने. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याने रस काढण्याला परवाना आणि झाडामागे कर आला. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यात नीरेची व्याख्याच दिली आहे: आंबू नये अशी तजवीज केलेल्या भांड्यात उतरवलेला माड, ताड, शिंदी किंवा तत्सम झाडाचा न आंबलेला रस. भंडाऱ्याचा चुना असा कायद्याच्या भाषेत शिरला, पण भंडाऱ्याच्या हातची कला परवान्याच्या कागदात अडकली. अन्न म्हणून या रसाची किंमत किती, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांच्या कामाचाच नव्हता.

तो प्रश्न घेतला मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या डॉ. कमला सोहोनी यांनी. माहेरच्या त्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्या 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहू, या अटीवर त्यांना घेतले गेले. त्यांचे काम पाहिल्यावर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर त्यांनी तिथेच अभ्यास केला. पुढे केंब्रिजला, जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणाऱ्या हॉपकिन्स यांच्या विभागात काम करून 1939 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा करून, 1947 मधल्या विवाहानंतर त्या मुंबईत आल्या.

नीरेवर काम करा, असे त्यांना सुचवले ते राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी. गांधीजींनी नीरेचा आणि ताडगुळाचा आधीपासूनच पुरस्कार केला होता. पण पुरस्कार वेगळा आणि पुरावा वेगळा. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेचे पृथक्करण केले. त्यांच्या अभ्यासात तिच्यात क जीवनसत्त्व आणि लोह आढळले आणि आटवून केलेल्या गुळात व काकवीतही पोषणाचा अंश टिकतो असे दिसले. काम इथे थांबले असते तर तो एक शोधनिबंध झाला असता. त्यांनी कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहारात हे स्वस्त अन्न देऊन पाहिले आणि त्यांची तब्येत सुधारल्याचे नोंदवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्राने या बाईंना पुरेसे ओळखले नाही, हे स्पष्ट म्हणायला हवे. रामन यांच्या नकाराची गोष्ट सगळे सांगतात. त्यांनी निवडलेल्या विषयांबद्दल फार थोडे बोलले जाते. कडधान्ये, तांदूळ, दूध, नीरा: गरिबाच्या ताटात जे आहे किंवा येऊ शकते तेच त्यांनी परीक्षानळीत घेतले. आरे दूध प्रकल्पाला त्यांनी सल्ला दिला. 1966 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीत काम करताना त्यांनी भेसळ कशी ओळखावी हे सर्वसामान्य गृहिणींना समजावले. 1998 मध्ये त्यांचे निधन झाले.

रायगड जिल्ह्यात आजही डोंगराकडच्या कातकरी वाड्यांत बालकुपोषण आहे आणि किनाऱ्यावर माड आहेत. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून याच मातीत काम करते. त्याचे सुपारी संशोधन केंद्र दिवेआगरच्याच तालुक्यात, श्रीवर्धनला आहे. नीरेत साखर भरपूर असते, तपासणीची साधनेही आता बदलली आहेत, त्यामुळे जुने निष्कर्ष जसेच्या तसे अंगणवाडीत नेता येणार नाहीत. ते पुन्हा तपासावे लागतील, स्थानिक माडांच्या रसावर आणि रस काढणाऱ्यांना सोबत घेऊन. विद्यापीठाने हे काम हाती घ्यावे आणि जिल्हा परिषदेने त्याला पैसा द्यावा. माडावर चढणारे जाणते हात दरवर्षी कमी होत आहेत. ते आहेत तोवरच हे व्हायला हवे.