वॉरफरिन

वॉरफरिन : रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारे, तोंडावाटे घ्यायचे औषध (पहा : रक्तक्लथन). १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत क्लोव्हरचा बुरसलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने दगावत. त्यावरील कार्ल लिंक यांच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधनातून ते निर्माण झाले. १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून आणि १९५४ मध्ये मानवी उपचारांत ते आले. के जीवनसत्त्वाची क्रिया रोखून ते यकृतातील क्लथन घटक २, ७, ९ व १० यांची निर्मिती मंदावते. मात्रा रक्त गोठण्यास लागणारा वेळ दर्शवणाऱ्या आयएनआर चाचणीवरून ठरते. बहुतेक रुग्णांत हा आकडा २ ते ३ राखतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन व काही प्रतिजैविके रक्तस्रावाचा धोका वाढवतात. के जीवनसत्त्व असलेल्या पालेभाज्या वर्ज्य नसतात, मात्र त्यांचे प्रमाण एकसारखे ठेवणे आवश्यक असते. डांबरासारखी काळी शौच किंवा डोक्याला लागलेला मार तातडीने तपासावा लागतो. गंभीर रक्तस्रावात शिरेवाटे के जीवनसत्त्व व संहत प्रोथ्रॉम्बिन संकुल देतात (पहा : हेपारिन).